डीव्हीडीवरचे गोल चरे

प्रिय शेंडेफळ,

तुझ्या नाचाच्या सगळ्या डीव्हीडी कॉम्प्युटरवर उतरवून झाल्या. एकही दगावली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल आणि पुढचं पत्र तू नीट वाचशील. हवं ते हाती आलं की उरलेलं न वाचण्याची तुझी खोड मला चांगली माहीत आहे.

फोनवर तू किती सहज म्हणालीस, ताई, क्लासच्या उद्घाटनाला पडद्यावर लावायच्यात, तेवढं करून दे ना. तेवढं! आपला जुना कॉम्प्युटर आठवतो ना? त्याचा ट्रे आता बटणाला जुमानत नाही. समोरच्या बारीक भोकात आईची सुई खुपसली की मगच जीभ बाहेर काढतो. वाचनालयातून दमून यायचं, सुई घ्यायची, तुझी एक डीव्हीडी आत सारायची आणि तिची घरघर ऐकत बसायचं, असं चाललं होतं माझं. बाबा येता-जाता विचारायचे, काय गं, अजून धाकटीच फिरतेय का आत? आणि स्वतःच्याच विनोदावर हसत निघून जायचे.

पहिल्यांदा माझी चूक झाली. मी फक्त मोठ्या फाइली उचलल्या आणि जोडल्या. लावून पाहिलं तर एकदम नाचच सुरू. फोटोवाल्या काकांनी प्रत्येक डीव्हीडीला सुरुवातीला मेनू केला होता ना, त्यात गोल चौकटीत तुझा चेहरा गिरक्या घेतो आणि खाली 'नाच पाहा' असं येतं, ते पान गायब. खरं सांगू? मला बरं वाटलं. तुझ्या त्या फिरणाऱ्या चेहऱ्यावाचून कुणाचं काही अडलं नसतं. पण वाचनालयात मीच सगळ्यांना ऐकवते की अर्धवट जपलेलं म्हणजे हरवलेलंच. बाहेर एक आणि घरात एक असं मला जमत नाही. मग पुन्हा सगळ्या काढल्या, मेनूसकट अख्खा फोल्डर उतरवला आणि प्रत्येकीची इमेज केली. इमेज म्हणजे डीव्हीडीचा जसाच्या तसा ठसा, एकाच फाइलमध्ये. ती उघडली की कॉम्प्युटरला वाटतं, खरीखुरी डीव्हीडीच पोटात घातली आहे. तर अशा रीतीने तुझा चेहरा एकेका डीव्हीडीवर मी माझ्या हाताने परत बसवला. गिरकी घे, बाई, घे.

आणि काय त्या डीव्हीडी! आरशासारख्या. एक ओरखडा नाही. आईने उरलेल्या अस्तराच्या पिशव्या शिवल्यात त्यांना, प्रत्येकीला नाडी वेगळ्या रंगाची. नाड्या सोडता सोडता मी नुसती जळत होते. या घरात कॉलेज पुरं करणारी पहिली मी. आजोबांपासून कुणी जिथवर पोचलं नाही तिथवर मी पोचले, पण कपाटात कप्पा तुझा. तू कॉलेज मध्येच सोडून नाचाच्या संचाबरोबर निघून गेलीस तेव्हा मला वाटलं, आता तरी यांचं लक्ष माझ्याकडे वळेल. कुठलं काय! दोघं फोनच्या आसपास घुटमळायला लागले. मला नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा आई म्हणाली, बरं झालं, जेवलीस का? तुझा नुसता पाय मुरगळला की सगळं घर लंगडतं.

सगळ्यात शेवटी माझी एकुलती एक डीव्हीडी शोधायला लागले. पदवीदान समारंभाची, कॉलेजने दिलेली. ती कपाटात नव्हतीच. टीव्हीखाली, आईच्या मापाच्या कागदांमध्ये, उघडीबोडकी पडली होती. तिरपी धरली तर चरेच चरे, गोल गोल, घासणीने ताट घासावं तसे. आत सारली तर कॉम्प्युटर कण्हला, कुंथला आणि माझं नाव पुकारायच्या तोंडाशी येऊन थांबला. चित्राचे चौकोन झाले, आवाज तुटला, वाचता येत नाही असं म्हणून त्याने हात वर केले. पुन्हा पुन्हा लावली, पुन्हा पुन्हा तिथेच.

तशीच ती हातात घेऊन आईसमोर जाऊन उभी राहिले. बोलू नये ते बोलले. धाकटीच्या पिशव्यांना रंगीत नाड्या आणि माझी पायपुसण्यासारखी फेकलेली, हे आणि आणखी बरंच. आईने मशीन थांबवलं नाही. शिवण संपवली, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, तिच्या कशाला खराब होतील? त्या लावतंय कोण? तिला नाचताना बघितलं की घर खायला उठतं मला. तुझी लागते रोज. मापं द्यायला बायका येतात, त्यांना दाखवते, ही बघा माझी थोरली, आता स्टेजवर जाईल. मध्ये अडकायला लागली म्हणून पुसली. जितकी पुसावी तितकी जास्तच अडकते मेली.

काय कळलं मला तेव्हा, सांगू? आई ती पुसत होती मशीनखाली पडलेल्या चिंध्यांनी, ज्यांच्यावर तिच्या आखणीच्या खडूची पूड बसलेली असते. आणि पुसत होती गोल गोल, ताट पुसावं तशी. डीव्हीडी मध्यापासून काठाकडे सरळ पुसायची असते. गोल चरा तिला बाधतो, कारण चित्र जिच्यात साठवलेलं असतं ती आतली रेघही गोलच फिरत असते. चित्र पुन्हा दिसावं म्हणून आई रोज थोडं थोडं चित्र खरवडत होती.

यावर मी सुखी व्हायला हवं होतं. झालेही, मशीनला नवा दोरा ओवून होईस्तोवर. मग वाटलं, बघ, तुझ्या लावत नाहीत त्याचं कारणही तूच. माझी लावताना पोटात काही तुटत नाही, म्हणून माझी चालते. आहे ना मी कमाल? पण तुझ्यापाशी खोटं काय बोलू.

आता खरी गोष्ट. गेलेल्या त्या तुकड्यात फक्त मी नाही. मी पायऱ्या चढताना कॅमेरा म्हणे मागे वळतो. बाबा दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारतात, शेजारचे सर दचकतात आणि आई उभी राहून टाळ्या वाजवते, गळ्यात मापाची टेप तशीच. मशीनवरून उठून धावत आली होती ती. फोटो काढायची वेळ आली की बाजूला सरकणारी आपली आई, तेवढ्या एकाच ठिकाणी सापडली आहे. मी ते कधी धड पाहिलंच नाही. स्वतःला पडद्यावर बघायची लाज वाटते म्हणून उठून जायचे. ते गेलं, असं म्हणून मी कॉम्प्युटर बंद करायला वळणार, तेवढ्यात आई हळूच म्हणाली, दुसरी आहे की. कॉलेजने दोन दिल्या होत्या. एक धाकटी घेऊन गेली. ताईला सांगू नकोस, उगाच हवेत जाईल, असं बजावून गेली.

तेव्हापासून मी विचार करतेय, एवढा कप्पाभर स्वतःचा नाच इथे टाकून तू माझी का नेलीस? आणि आईने ते इतकी वर्षं पोटात ठेवलं. तुमच्या दोघींमध्ये गुपित आहे आणि त्यात मी नाही, हेही मला सलतंच आहे. पण तुझ्याकडे काही मागायचं तर फोनवर माझा आवाज सरळ निघाला नसता, म्हणून हे पत्र. ती डीव्हीडी पाठव. पुसू नकोस, आहे तशीच दे. तिच्यावरही चरे असले तरी चालेल. तुझ्या खोलीत मापं द्यायला कुणी येत नाही, मग ती कुणी इतकी लावली, हे मी विचारणार नाही. दोन खराब डीव्हीडींमधून एक अख्खी इमेज जुळवता येते. एकीत जिथे वाचता येत नाही, तिथलं दुसरीतून घ्यायचं. दोघींचे चरे एकाच जागी नसले म्हणजे झालं.

तुझीच, जळून जळून तुझ्याच डीव्हीडी सांभाळणारी,
ताई