बंद पडलेल्या इंजिनाचा आवाज

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे उभ्यानेच घातला आहे, पण भाव पूर्ण आडवा आहे असे समजावे).

एक विमान पाडायला खरोखर काय लागते याचा हिशेब आधी देतो, म्हणजे तुम्ही पत्र रागाच्या भरात उशीखाली सारणार नाही. आमच्या सिनेमातले ते मिनिटभराचे विमान पाडायला लागले ते असे: घरातला व्हॅक्यूम क्लीनर एक (हमीच्या मुदतीतला होता, आता कंपनीवाले म्हणतात, पिंपात उलटा टांगून चालवल्यास हमी लागू नाही), ते पिंप एक, रबरी चप्पल एक, डाव्या पायाची, तुमच्या भाचेसुनेचे माझ्याशी बोलणे चार दिवस, आणि तुमचे माझ्याशी बोलणे, ते अजून सुरू झालेले नाही. बाकी सगळे भरून निघाले. शेवटचा आकडा तेवढा जड जातो आहे.

खोकला कसा आहे? मामी फोनवर म्हणाल्या की खोकला बरा आहे, स्वभाव तसाच आहे. दुपारचे खिडकीशी बसून आकाशाकडे बघत असता, हेही कळले. माझा विषय निघाला की “कोण तो?” असे विचारता, हेही कळले. मामा, मी तो. लाऊडस्पीकर दुरुस्त करता करता स्वतःची सिनेमाच्या आवाजांची खोली थाटलेला तुमचा थोरला भाचा. ज्याच्या एकाही सिनेमाला तुम्ही मध्यंतरापलीकडे बसला नाहीत, तो. तिकिटे मी पाठवतो, कडेची खुर्ची मी धरून ठेवतो, आणि पडद्यावर विमान आले की तुम्ही उठता. (मागच्या खेपेला तर विमान नुसते नायिकेच्या मागच्या कॅलेंडरवर होते. तरी तुम्ही “पंख उलटे लावलेत” म्हणून उठलातच.)

म्हणून या वेळी म्हटले, ज्या माणसाने उभा जन्म पोरांना विमान उडवायला शिकवले तो आपल्या घरातला असताना आपण खोटे विमान का उडवावे? आमचे विमान तपासायला तुम्हाला मी मानाने बोलावले. प्रसंगही तुमच्याच जातकुळीचा: छोट्या विमानाचे एकुलते एक इंजिन आकाशात बंद पडते आणि नायक ते विमान सांजेच्या उजेडात एका कुरणात उतरवतो. दिग्दर्शकांना (त्यांना आम्ही मागे टोपी म्हणतो आणि समोर टोपीसाहेब) मी छाती पुढे काढून सांगितले होते की आमच्या मामांनी एकदा ‘हो’ म्हटले की मग आकाशातल्या देवालाही शंका काढता येणार नाही.

तुम्ही ‘हो’ म्हणाला नाहीत. तुम्ही जे म्हणालात ते मी विसरलेलो नाही आणि टोपीसाहेब तर झोपेतही विसरत नाहीत. इंजिन बंद पडताच नायक सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी पोटाशी ओढतो, त्यावर तुम्ही म्हणालात की असा ओढला तर विमान दगडासारखे पडेल आणि गोष्ट तिथेच संपेल, तेवढेच प्रेक्षकांचे भले. इंजिन गेले तरी नाकावरचा पंखा वाऱ्याने फिरत राहतो, यांचा मात्र भिंतीवरच्या घड्याळासारखा ठप्प. नायकाच्या कानावरच्या हेडफोनची वायर कशालाच जोडलेली नव्हती, म्हणजे तो मदतीसाठी ज्यांना ओरडत होता त्यांना ते कळायचा संबंधच नव्हता. आणि उंची दाखवणारा काटा शून्यावर. “म्हणजे हा मघापासून जमिनीवरच घाबरतोय,” असे तुम्ही म्हणालात तेव्हा चहावाला हसला, आणि टोपीसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. (ती ते फक्त सिनेमा पडल्यावर काढतात.)

माझी पाळी आली तेव्हा मी तुम्हाला पहिल्या अर्ध्या भागातली घरघर ऐकवली, विमान शांतपणे उडत असतानाची. ही माझी खरी कमाई. माझ्या खोलीला खिडकी नाही, वर फक्त झरोका आहे. पण रोज दुपारी, चहाच्या सुमारास, एक विमान माझ्या डोक्यावर येते आणि बराच वेळ घिरट्या घालते. आकाशाकडे बघावे लागते ते ज्यांचे कान कच्चे त्यांना. मला इथे बसून कळते: एक इंजिन, पंखा दोन पात्यांचा, वय साधारण माझ्याएवढे, चालवणारा शिकाऊ. झरोक्यात माईक ठेवून मी ते पकडले. तुम्ही डोळे मिटून ऐकलेत, एक बोट वर धरलेत आणि म्हणालात, “हात जड आहे पोराचा. पण इंजिन खरं आहे.” मामा, उभ्या आयुष्यात तुम्ही माझ्या कामाला दिलेली ही पहिली पावती. त्याच आनंदात मी पुढचे ऐकवायला नको होते. पुढे इंजिन बंद पडतानाची किंकाळी होती, व्हॅक्यूम क्लीनर पिंपात घालून काढलेली, आणि शेवटी कुरणावर टेकणाऱ्या चाकांची करकर, रबरी चप्पल घासून काढलेली. गवतावर चाक करकरत नाही, एवढेच म्हणून तुम्ही छत्री उचललीत. दारात वळून, “आवाज छान आहे, विमानाचा नाही,” असे म्हणालात, आणि तेव्हापासून मी “कोण तो?” झालो आहे.

तुम्ही गेल्यावर मी चित्रीकरणानंतर माझ्या खोलीत आणून ठेवलेल्या खोट्या विमानात बराच वेळ बसून राहिलो. त्याला पुढचा भाग आहे, मागचा नाही. प्लायवूडचा आहे, आत एक खरी खुर्ची आणि काचेपलीकडे रंगवलेले आकाश. माझ्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत, त्यामुळे तिथे बसले की बाहेरचे जग कापसात गुंडाळून ठेवल्यासारखे लांब जाते. शेजारच्या लाँड्रीची भिंत तेवढी दुपारची कोमट होते आणि साबणाचा वास झिरपत राहतो. (लाँड्रीवाल्याचा कुत्रा त्या भिंतीला पलीकडून पाठ लावून झोपतो, मी अलीकडून. आमची ओळख नाही, सहवास आहे.) त्या उबेला टेकून, डोळे अर्धे मिटून, रंगवलेल्या ढगांकडे बघत होतो, आणि मला आमच्या जुन्या घराचा जिना आठवला. मी दुसऱ्या पायरीवर, तुम्ही खाली बूट काढत होता. आईने विचारले, उशीर का, आणि तुम्ही म्हणालात, “इंजिन बंद पडलं होतं.” जसे कुणी म्हणावे, बस चुकली होती. मग तुम्ही दुसरा बूट हातातच धरून म्हणालात, “ताई, इतकं शांत होतं गं. नुसता वारा. आणि खाली कुठंतरी कुत्रा भुंकत होता, तो मला वर ऐकू येत होता.” आई म्हणाली, आधी हातपाय धू.

मामा, माझे कान त्या दिवशी उघडले. आजवर मी जे काही ऐकले ते त्या कुत्र्याच्या मागेमागे जाऊन ऐकले.

म्हणून मी किंकाळी काढून बाजूला ठेवली. टोपीसाहेबांना कळले तेव्हा ते म्हणाले, “इंजिन बंद पडलं हे लोकांना कळणार कसं? बंद पडलेल्या इंजिनाचा काहीतरी आवाज काढा की.” मी तो काढायला बसलो. जुनी सुती चादर लाकडी कठड्यावरून अगदी हळू, श्वासाच्या वेगाने ओढली, तो झाला वारा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली, ती झाली पंखाखालची पोकळी. आता कुत्रा. लाँड्रीवाल्याचा कुत्रा दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकतो, पण समोर माईक धरला की संतासारखा डोळे मिटतो. शेवटी लाँड्रीवाला म्हणाला, “शेठ, एवढंच आहे तर मी भुंकतो.” भुंकला. मनापासून भुंकला, पण त्यात थोडी उधारी मागितल्यासारखे वाटत होते. मग आम्ही दोघे निराश होऊन आपापल्या दारात बसलो, आणि तेव्हा गल्लीच्या पार टोकाला, कुठल्यातरी भलत्याच कुत्र्याने, दुसऱ्याच कुणासाठी, तीनदा आवाज दिला. माईक चालूच राहिला होता.

मी ते सगळे एकत्र लावून टोपीसाहेबांना ऐकवले. दिवे घालवले होते. रंगवलेले आकाश नव्हते, नायक नव्हता, नुसता वारा होता, आणि खूप खाली एक जग, ज्याला आपण पडतो आहोत याची खबरच नाही. टोपीसाहेबांनी टोपी काढली नाही, उलट नीट बसवली. मग म्हणाले, “सुंदर आहे. पण उद्या कुणी म्हणालं की एवढ्या वर कुत्रा ऐकू येत नाही, तर? तुमच्या मामांसारखी माणसं थिएटरात असतात हो.”

तेव्हा इकडचे हे असे आहे. भाचेसून आता बोलते, पण केर झाडूनेच काढते आणि काढताना माझ्याकडे बघते. मामींना नमस्कार. खोकल्याचे औषध संपले असल्यास कळवावे.

तुमचा,
कोण तो

ता. क. गुरुवारी सकाळी सिनेमावर आवाज कायमचा चढवणार. टोपीसाहेबांची अट एकच: तुम्ही समोर बसून शेवटपर्यंत ऐकायचे. मान डोलावलीत तर शांतता राहील. आला नाहीत तर व्हॅक्यूम क्लीनर परत येईल, आणि तो जन्मभर तिथे किंचाळत राहील. गाडी पाठवतो. खुर्ची कडेची नसेल, मधली ठेवली आहे.

ता. क. दुसरा. तो कुत्रा तुम्हाला वर असतानाच ऐकू आला ना? की उतरल्यावर, कुरणात उभे असताना? उतरल्यावर आला असेल, तरी टोपीसाहेबांना सांगू नका. मलाही सांगू नका.

ता. क. तिसरा. मान शांततेला डोलवा, पहिल्या अर्ध्या भागातल्या घरघरीबद्दल मात्र स्वतःहून काही बोलू नका, “इंजिन खरं आहे” तर मुळीच नको. लाँड्रीच्या कपडे सुकवायच्या यंत्राचा पट्टा सोमवारी तुटला. सोमवारपासून ते दुपारचे विमानही आलेले नाही.