ताईला दिसलेलं पाणमांजर

२१ फेब्रुवारी

राष्ट्रीय उद्यानातली पहिली फेरी. संपादकांना दर ऋतूत त्याच उद्यानावर लेख हवा आहे. डोळ्यांनी बघाल तेवढंच लिहा, म्हणाले. सोबतीला ताई. तीन तास चालून मला वाळकी पानं दिसली. ताईला घुबड! ढोलीत, एक डोळा मिटून बसलेलं. मी वहीतून मान वर करेपर्यंत उडालं म्हणे.

फाटकापाशी नोंदवही असते, कुणी काय पाहिलं ते लिहायला. तूच लिही, तुझं अक्षर चांगलं, असं ताईचं म्हणणं. तिच्या नावापुढे घुबड. माझ्यापुढे आडवी रेघ.

१७ मे

ओढा आटलेला. ताईला कोल्ही दिसली – पिल्लाला मानगुटीला धरून नेताना. मला काही नाही. लहानपणी घरात हरवलेली वस्तूही हिलाच सापडायची, आणि आई माझ्याकडे बघायची.

दुर्बीण पुढे केली तर म्हणते, राहू दे तुझ्याकडेच, तुला गरज आहे. झोंबलं.

१८ मे

लेख दिला. कोल्ही मी पाहिली असं लिहिलं.

२४ ऑगस्ट

चिखल. वाटभर ताईनं माझा दंड सोडला नाही, जणू घसरणार ती मीच. तळ्याकाठच्या बाकावर टेकलो नाही तोच तिला पाणमांजर दिसलं! उताणं पोहत होतं, पोटावर मासा, पोटभर जेवून लवंडलेल्या माणसासारखं. मला नुसते तरंग दिसले.

नोंदवहीत ते माझ्या नावापुढे लिहिलं. ताई शेजारीच उभी होती.

६ सप्टेंबर

पाणमांजराच्या लेखाला एकोणीस पत्रं. इतकी कधीच आली नव्हती. तो जेवून लवंडलेला माणूस सगळ्यांना आवडलाय. वाक्य तिचं!

६ डिसेंबर

धुकं. हातभर अंतरावरचं झाड दिसेना – आणि हिला हरणं दिसली. अकरा, मोजून! घरी येईपर्यंत मी अबोला धरला.

९ डिसेंबर

ताईची जिन्यावरची शेवटची पायरी चुकली. पाय वाचला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वर्षभर तरी यांना चार पावलांपलीकडचं धूसरच दिसत असणार.

बाहेर आल्यावर मी विचारलं, मग ते घुबड? कोल्ही? ती चपलेत पाय चाचपत होती.

"डोळे गेलेत म्हणाले असते, तर नेलं असतंस मला?"

संपादकांना चार ओळींचा खुलासा पाठवला. सदर बहुधा जाईल.

तीस वर्षं लिहितेय. असं पाणमांजर मला एकदाही सुचलं नाही.