डाळिंबी बाह्या आणि चौथा खिळा

मी तेस्सा, वान्नी भरतकामवाल्याची थोरली मुलगी, रेशमाचे व्यापारी नेरी यांची तिसरी बायको, वय एकवीस, डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र सांगते आहे. ‘कोणाच्याही दडपणाखाली नाही’ असं पुढे लिहायची रीत आहे. वकीलसाहेब, तेवढं खोडा. मला आठवा महिना लागलाय आणि भीतीने मी अर्धी झाले आहे. पोटुशी बाई मृत्युपत्र करतेच, त्यात काय एवढं, असं सासूबाई म्हणतात.

आमच्या दिवाणखान्यात माझ्याआधीच्या दोघींच्या तसबिरी आहेत. दोघी तापाने गेल्या, असं मला लग्नात सांगितलं. पण मला कापड वाचता येतं. बार्तोलोमेआच्या झग्याच्या पुढच्या नाड्या सैल सोडल्यात, आतला पांढरा सदरा दिसतोय. दियानोराच्याही तशाच. दोघी पोटुशा होत्या! आणि दोघींच्या दंडाला त्याच सुट्या बाह्या बांधलेल्या, लाल मखमलीवर सोनेरी कलाबतूची डाळिंबं. दियानोराच्या कोपराजवळचं एक डाळिंब फिकट आहे, दुरुस्त केलेलं. तेच फिकट डाळिंब आज माझ्या कोपराजवळ आहे.

दोन खिळे त्यांचे, तिसरा माझा, पण भिंतीवर खिळे चार आहेत. मी सासूबाईंना विचारलं. “अगं, पुढेमागे लागेल म्हणून मारून ठेवलाय,” त्या म्हणाल्या. “बायका काय, येतात-जातात. बाह्या तेवढ्या जपून वापर हो, महागाच्या आहेत!” आणि हसल्या.

बाळ जगलं तर माझी अंगठी बाळाची. निळा झगा दाई पिएराला, आमच्या घरात माझा हात धरणारी ती एकटीच. सासूबाईंना माझा आरसा. बघतील तर बरं.

बाह्या मला कोणाला देता येत नाहीत. नवऱ्याने लग्नात घातलेल्या बाह्या नवऱ्याच्याच राहतात, असा इथला रिवाज. बाह्यांनी माणूस मरतं का, देव जाणे. पण मला त्यांची भीती वाटते, आणि चौथीच्या दंडाला त्या लागू नयेत एवढीच माझी इच्छा आहे. कलाबतूला धरून ठेवणारे टाके झिजले होते. या हिवाळ्यात मी ते सगळे उसवून माहेरच्या रेशमाने नव्याने घातले. ते रेशीम माझं, आणि ते मी माझी बहीण नान्नीना हिला देते. तिने यावं आणि आपला दोरा काढून न्यावा. डाळिंबं गळून पडली तर पडू देत.

तिला दारातच अडवतील, हे मी जाणून आहे. म्हणून आणखी एक केलंय. सध्या चितारी माझी तसबीर करतोय. डाव्या बाहीच्या मनगटाशी त्याच दोऱ्याचं टोक मी मुद्दाम मोकळं सोडलं. तो म्हणाला, “बाईसाहेब, हे झाकून टाकू का?” मी म्हटलं, “नको रे बाबा, दिसतंय तसंच काढ.” त्याने काढलं.

अगं चौथे, तुझं नाव मला माहीत नाही. तुझ्या नाड्या सैल व्हायच्या आत माझ्या तसबिरीकडे नीट बघ. टोक दिसेल. बाहीवर तेच शोध, आणि ओढ.

सही माझीच: तेस्सा
लिहून घेणार: सेर बाल्दो, वकील
समक्ष ऐकणारे साक्षीदार, मठातले साधू: फ्रा झानोबी, फ्रा उगोलिनो
फ्लॉरेन्स, नदीपलीकडचा मठ, ९ फेब्रुवारी १४८७