डोळे उघडे ठेवून

आई, तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, म्हणून तुझी नात कशी आहे ते आधी सांगते. सात वर्षांची आहे. रंग माझा, आणि डोकंही माझंच घेऊन आली आहे. एक विचार संपायच्या आत दुसरा सुरू. वर्गात वही उघडते आणि पंख्याकडे बघत बसते. हा पडला तर कोणावर पडेल, मग मम्मीला कोण कळवेल, मम्मी रस्त्यात असली तर? मग ती उठून दाराकडे जाते आणि दुपारच्या आत मला शाळेतून फोन येतो, घेऊन जा. मॅडम परवा म्हणाल्या, "दिवाली तक देखते हैं जी, फिर आप कोई दूसरा स्कूल सोचिए." ह्यांची बदली इटारसीला झाली आहे, ते रविवारी येतात. नोकरी मी सोडली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी, तिचं डोकं आणि माझं.

समुपदेशक बाईंनी सांगितलं, रोज सकाळी डोळे मिटून बसवा, श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढंच तिला बघू द्या. ती बसते, पण लगेच डोळे उघडते. "मम्मी, आँखें बंद करते ही सब जोर से आने लगता है." आणि मी म्हणते, "काहून हलून राहिली? बस एका जागी!" हे वाक्य तुझं आहे, आई. सूरसुद्धा तुझाच.

फॅक्टरीच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर. बाबा ड्यूटीवर, तू पोळ्या लाटते आहेस, मी भिंतीशी पाटावर बसून पाढे म्हणते आहे आणि मधेच चुकते आहे. तू पिठाच्या हातानं माझं मनगट धरतेस. "मन थाऱ्यावर ठेव." मन ठेवायचं कुठे, ते मी शोधत राहते. पीठ वाळून कातडी ओढायला लागते, पण ते झाडायचं नाही, कारण हलायचं नाही. तू दुष्ट नव्हतीस. घरातलं सगळं तुझ्या एकटीवर होतं, आणि तुला दुसरं काही सुचत नव्हतं. हे मला आता कळतं, कारण मलाही सुचत नाही.

मागच्या आठवड्यात तिच्या फ्रॉकचं कापड घ्यायला बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेलो. सणाची गर्दी. स्कूटर अशी अडकली की पुढे हातगाडी, मागे ऑटो, दोन्ही बाजूंना माणसं. सगळे हॉर्न वाजवून राहिले होते. मागे बसलेली ती ओरडायला लागली, "उतरना है, अभी उतरना है!" आणि गाड्यांच्या मधे पाय टाकायला गेली. मी मागे हात घालून तिचं मनगट पकडलं.

"मम्मी, दुख रहा है."

मी हात सोडला. म्हटलं, "डोळे नको मिटू. माझ्या पाठीवर हात ठेव. माझा श्वास कधी येतो, कधी जातो, मला सांग."

रडतच तिनं तळवा टेकवला. "अब आया. अब गया. आया..." मग थांबली. "मम्मी, तुम्हारा तो मुझसे भी तेज चल रहा है."

"हो गं," मी म्हटलं. "माझंही डोकं धावतं."

"सच्ची?" तिनं विचारलं, आणि तळवा काढला नाही. "तो धीरे लो ना. मैं बता रही हूँ." ऑटोवाल्यानं गाडी मागे घेऊन वाट करून दिली, "चलो दीदी, निकलो," तोपर्यंत ती मला सांगत होती.

आता सकाळी ती माझ्या पाठीशी बसते, डोळे उघडे ठेवून. कधी जमतं, कधी नाही. फोन काल पुन्हा आला. शाळेचं काय होईल, ठाऊक नाही.

ह्यांना मी एवढंच सांगितलं की गर्दी फार होती. हा कागद कोणाला जायचा नाही, म्हणून इथे लिहिते. ती ओरडायला लागली तेव्हा माझ्या मनात आधी ती आलीच नाही. किल्ली गाडीला तशीच सोडून, एकटीनं त्या गर्दीतून निघून जावं, असं आलं होतं.