आधी मला सांगितलं

मनाली मॅडम,

तुम्ही शाळेत समुपदेशक म्हणून आलात आणि माझी अश्लेषा बोलायला लागली. पण तुमच्याशी. घरात ती कित्येक महिने गप्प होती, जेवणाचं ताट पुढ्यातून दूर सारायची. मी विचारून विचारून थकले. परवा तुमच्या खोलीबाहेर बसले होते, तर आतून तिचं हसू ऐकू आलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी जळले.

तुम्ही बाहेर येऊन हळूच म्हणालात, "तिला वाटतं, सांगितलं तर आई रडेल. तुम्ही नुसतं ऐका."

माझ्या पोरीचं मन मला तुमच्याकडून कळावं?

काल बोळिंजला आमच्या घरी मी वाल सोलत होते. ती आपणहून शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आई, वर्गातल्या मुली माझ्याशी बोलत नाहीत. डबा मी एकटीच खाते." मला रडू येत होतं, तरी मी नुसतं ऐकलं. तुमचं सांगणं उपयोगी पडलं, याचाही राग आला.

शेवटी ती म्हणाली, "हे मॅडमना अजून नाही सांगितलं."

मी इतकी सुखावले, की माझी मलाच लाज वाटली. "गुरुवारी मॅडमना भेटशील तेव्हा त्यांनाही सांग," असं म्हणाले खरी, पण म्हणताना जीभ जड झाली.

हे पत्र तुम्हाला देणार नाही.

अश्लेषाची आई,
लतिका