पाण्याखालचे पाय

मी हिरा अमृत गराडे, राहणार कान्हे, तालुका मावळ. डोकं ठिकाणावर आहे. कुणी दमदाटी केलेली नाही. हे मृत्युपत्र माझ्याच हातानं लिहितेय. वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, भाषा जरा नीट करून देते." मी कागद काढून घेतला. कारण पुढं येईल.

१. खंडाळ्याच्या बंगल्यांच्या पाट्या रंगवून मी हे घर बांधलं. ते मुलगा संदेश आणि सून सारिका यांना निम्मं-निम्मं. मागची खोली सोडून.

२. मागची खोली, माझे ब्रश आणि शिडी नात प्रेरणाला. ती सज्ञान होईपर्यंत किल्ली सारिकाकडं. संदेशकडं नाही. त्याला तिथं चित्रकलेच्या परीक्षांचा क्लास काढायचाय, आणि माझा त्याच्यावर संशय आहे.

संशय कसला ते लिहिते. सातवीत मी तळ्यातल्या म्हशी काढल्या होत्या. पाण्यावर नुसती शिंगं नि नाकं. गुरुजी म्हणाले, "पाय कुठं गेले गं?"

"पाण्यात हायती की, गुरुजी."

चित्र स्पर्धेला धाडायच्या आधी त्यांनी हात फिरवला. प्रत्येकीला चार पाय, खुरांसकट. तालुक्यात पहिला नंबर. पाहुणे म्हणाले, पाय काय सुंदर काढलेत. पुढं चित्रकलेच्या परीक्षेला एकटी बसले आणि नापास झाले. तेव्हापासून कुणी वा म्हटलं की मी विचारते, कुठला भाग?

यंदा प्रेरणानं मला शिडीवर काढलं, खालून दिसते तशी. चपलांचे तळवे हे एवढे, तोंड दिसतच नाही. शाळेच्या भिंतीवर चित्र लागलं तेव्हा तळव्यांच्या वर माझा हसरा चेहरा होता. मी अशी हसत नाही.

संदेश म्हणाला, "आई, थोडा हात फिरवला. नंबर आला ना?"

"कुणाचा?"

तो भिंतीवरचं चित्र सरळ करायला लागला. बोलली पोरगी. "आजी, पुढच्या वेळी चेहरा मीच काढू का? म्हणजे पप्पांना काढावा लागणार नाही."

म्हणून घाईनं हे लिहितेय.

३. प्रेरणाच्या कागदाला संदेशचा ब्रश, पेन्सिल किंवा खोडरबर लागलं, तर घरातला त्याचा निम्मा हिस्साही तिचा. तो "नुसतं दाखवत होतो" म्हणेल. ऐकू नये. लक्ष ठेवायला वाहिदभाई. माझी शिडी त्यांनीच धरलीय, कधी वर बघून सल्ला दिला नाही.

४. सातवीतल्या बक्षिसाचा कप गुरुजींच्या घरी पोचवावा. पाय त्यांचे होते.

५. या पानाच्या तळाशी प्रेरणानं म्हैस काढलीय. पाण्यावर शिंगं नि नाक, बस. ती या मृत्युपत्राचा भाग धरावी. वरची खाडाखोड माझीच आहे.

ठिकाण: कान्हे
दि. ९ नोव्हेंबर २०२५
सही: हिरा अमृत गराडे

आमच्यासमोर सही झाली:
१. सरूबाई रखमाजी काजळे
२. वाहिद इनामदार. सही करताना म्हशीला पाय नव्हते.