ताटलीतल्या पेशी

चि. पुतण्यास,
आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

रंगाच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर तू काचेच्या ताटलीत माणसाच्या मेंदूतल्या मज्जापेशी वाढवल्यास. त्यांच्यावर आमची झिंक ऑक्साइडची अतिसूक्ष्म पावडर टाकलीस आणि त्या मेल्या. हे तुला दोन वर्षांपूर्वी कळलं! साहेबांनी दटावलं म्हणून तू मूग गिळून बसलास आणि खाली तुझी काकू रोज तीच पावडर चाळत राहिली. आता तिचा हात थरथरतो, शाळेतली कविता दुसऱ्याच ओळीला अडते. "अहो, पुढे काय हो?" असं विचारून ती हसते. जिनं तुला भरवलं, तिच्यासाठी तुला एक शब्द फुटला नाही, निर्लज्जा!

डॉक्टर म्हणतात, कारण नक्की सांगता येत नाही. पण तिथला मुकादम मीच होतो. चाळताना ती कविता म्हणायची, की मला आमचा सातवीचा वर्ग आणि खिडकीतलं ऊन दिसायचं. मास्कमधून शब्द नीट ऐकू येत नसत. "खाली कर गं तो, एवढ्याशा भुकटीनं काय होतंय!" असं मी रोज म्हणायचो.

हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तुझं पाप तिच्या कानावर घालायचं, तर माझंही सांगावं लागेल. पत्र मिळताच तू तिच्या पाया पडायला धावशील, म्हणून हे पेटीत टाकवत नाही.

तुझ्याइतकाच गप्प,
काका